रिपोर्टांची खाकी थैली

मित्रांनो, मी एक जुनी थैली आहे आणि त्याआधी मी एका पँटचा उजवा पाय होते. हसू आलं ना? येऊ द्या. पहिल्या वर्षी माझं मलाच हसू यायचं.

पँट होती दौलतबाबांची. आदिलाबादकडच्या बेल्याजवळच्या एका गावात त्यांचं घर. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबल्यावर उतारवयात त्यांना कापसाच्या जिनिंगवर राखणदाराचं काम मिळालं आणि कामासोबत खाकी कपडे मिळाले. चार वर्षांत पँट बसायच्या जागी विरली, पाय मात्र धडधाकट राहिले. दौलतबाबांच्या बायकोनं, म्हणजे भागाबाईनं, कात्री घेतली. डावा पाय लसूण ठेवायला गेला. उजव्या पायाचं खालचं तोंड तिनं दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकलं, वरच्या तोंडाला नेफा केला, त्यात सुताची पांढरी नाडी ओवली आणि मला दारामागच्या खुंटीला टांगलं. घरातले दवाखान्याचे सगळे कागद माझ्या पोटात राहतील, असं ठरलं. लसणाच्या थैलीपेक्षा आपलं नशीब थोर, असं मला वाटलं. पुढं पुढं वाटू लागलं, की लसूण बरा. त्याला पाहून कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

भागाबाईच्या मोतीबिंदूचा कागद, दौलतबाबांच्या बीपीच्या चिठ्ठ्या, एक्स-रेचं गुंडाळलेलं काळं पान, असं सगळं मी सांभाळलं. दवाखान्यात गेलं की भागाबाई मला काखेत धरायची. एकदा एक नर्स म्हणाली, “आजी, तुमची थैली लय कामाची आहे.” त्या कौतुकावर मी कितीतरी महिने काढले.

मग घरात प्लास्टिकची फाईल आली. ती आणली प्रितमनं, दौलतबाबांच्या मुलानं. प्रितम उटनूरला सरकारी कचेरीत कारकून आहे. सोमवारी पहाटे जातो, शनिवारी संध्याकाळी येतो. माणूस सरळ, निर्व्यसनी, बायकोवर जीव लावणारा. पण कागद गुंडाळलेला पाहिला की त्याच्या अंगावर काटा येतो. आणि कागदावर शिक्का बसला की प्रकरण निकालात निघालं, कागदांची मिसल दप्तरात गेली, आता तिला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. फाईल आल्यावर माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे गेले. दोन वर्षं मी दोरीखाली लटकून ओल्या कपड्यांचं पाणी अंगावर घेतलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! मग एका पावसाळ्यात फाईलची क्लिप मोडली, उंदरानं कोपरा खाल्ला आणि माझी खुंटी मला परत मिळाली.

आता भागाबाईची एक खोड सांगते. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण मोजता येतं. कोंबडी अंड्यांवर बसली की ती एका सुतळीला रोज सकाळी एक गाठ मारते. एकवीस गाठी झाल्या की टोपली उघडायची. दौलतबाबा गेल्यापासून ती तापाचे दिवसही असेच मोजू लागली आणि त्यासाठी तिनं माझी नाडी धरली. घरात कुणाला ताप आला, की तापाच्या दर दिवसाची सकाळी एक गाठ. सुई टोचून रक्त काढलं, तर त्या दिवसाच्या गाठीत लाल दोरा. ताप उतरला, की सगळ्या गाठी सोडून नाडी सरळ. शेजारणी हसायच्या. मीही मनात हसायचे. दवाखान्याच्या थैलीला कोंबडीचा हिशेब!

गेल्या वर्षीची गोष्ट. पाऊस ओसरला होता आणि गवत कंबरेपर्यंत आलं होतं. प्रितमची बायको प्रतिभा बेल्याच्या मराठी शाळेत शिक्षिका आहे. शाळेमागं भाजीचे वाफे करायचे म्हणून ती स्वतः विळा घेऊन गवतात उतरली. दोन दुपारी गवत कापलं, कापलेल्या गवतावरच बसून डबा खाल्ला. आठवड्याभरानं, रविवारी, तिला सर्दी झाली. प्रितम सोमवारी तिला शिंकताना पाहूनच उटनूरला गेला. बुधवारी सकाळी ती उठली ती तापानंच. डोकं फुटतंय म्हणाली, डोळे लाल झाले. भागाबाईनं पहिली गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी गावातला आरएमपी सुरेंद्र आला. इथल्या गावांत असा एक माणूस असतोच. डॉक्टर नव्हे, पण इंजेक्शन देतो, सलाईन लावतो आणि हाकेला धावून येतो. त्यानं रक्त काढलं आणि बसनं आदिलाबादच्या लॅबला पाठवलं. भागाबाईनं गाठीत लाल दोरा गुंतवला. रिपोर्ट शनिवारी आला, त्यावर तारीखही शनिवारचीच पडली. मलेरिया निगेटिव्ह. डेंगू निगेटिव्ह. स्क्रब टायफस निगेटिव्ह. फक्त टायफॉइडच्या विडाल तपासणीत आकडा थोडा वर होता. संध्याकाळी प्रितम घरी पोचला, त्यानं कागद दोनदा वाचला, शिक्का पाहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“टायफॉइड हाये,” तो म्हणाला. “बाकी सारं निगेटिव्ह. आता चिंता नाही.”

बायकोच्या कपाळाला त्यानं हात लावला, पण बोलला तो कागदाशीच.

रविवारी सकाळी भागाबाई पाचवी गाठ मारताना त्याला दिसली. बुद्धवंदनेला शेजारचे लोक यायची वेळ झाली होती. प्रितम लालबुंद झाला.

“माय, हे काय करून राह्यली? आपल्या घरात गंडेदोरे?”

“गंडा नाही बाप्पा. मोजणी हाय.”

“मोजणी कायची? कागदावर तारीख हाये, शिक्का हाये. सोड त्या गाठी. कोणी पाह्यलं त काय म्हणन? शिकल्यासवरल्याच्या घरात दोऱ्याले गाठी मारतेत!”

भागाबाईनं मला मांडीवर घेतलं. तो वळेपर्यंत नाडीची टोकं कुरवाळत बसली आणि मग सगळ्या गाठी एकेक करून नेफ्याच्या आत सरकवल्या. वरून नाडी सरळ दिसू लागली. त्या दिवसापासून ती रोजची गाठ मारून आत ढकलायची. माझा नेफा बोचू लागला, पण मी कुरकुर केली नाही.

पुढचे चार दिवस सलाईन, इंजेक्शन, पुन्हा सलाईन. प्रितमनं रजा टाकली. ताप दुपारी उतरल्यासारखा करायचा आणि दिवेलागणीला पुन्हा चढायचा. मंगळवारी भागाबाई म्हणाली, “रक्त दुसऱ्यांदा पाहू.” प्रितम म्हणाला, “तपासलं ना एकदा! तेच तेच काऊन करायचं?” गुरुवारी सकाळी नववी गाठ पडली तेव्हा प्रतिभाला धाप लागली होती. दोन वाक्यं बोलायची तर मध्ये थांबावं लागत होतं. मग मात्र प्रितमनं जीप बोलावली. मला भागाबाईनं काखेत घेतलं आणि आम्ही आदिलाबाद गाठलं. वाटेत प्रतिभाचं डोकं सासूच्या खांद्यावर होतं आणि मी दोघींच्या मध्ये दाबले गेले होते. तिच्या अंगाची धग मला कापडातून लागत होती. ही बाई आता हातची जाते की काय, या भीतीनं मी गार पडले.

दवाखान्यात डॉक्टर रंजीता म्हणून एक तरुण बाई होत्या. बेल्याकडच्याच, त्यामुळे बोली आपली. त्यांनी आधी प्रतिभाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, मग विचारलं, “ताप कधीपासून?”

प्रितम साहेबासमोर उभा राहतो तसा उभा राहिला. “बारा दिवस झाले मॅडम. मांगच्या रविवारच्या आधीच्या रविवारपासून. रक्त सातव्या दिवशी, शनिवारी तपासलं. हा पहा कागद. स्क्रब निगेटिव्ह हाये. मी फोनवर वाचलं, परदेशात गोचीड चावून लाइम नावाचा रोग होते म्हणे. तसं त नाही?”

“लाइम आपल्याकडं क्वचितच दिसतो,” डॉक्टर म्हणाल्या. “आपल्या गवतात खसखशीपेक्षा बारीक किडा असतो, त्याच्यानं स्क्रब टायफस होतो. मला तोच संशय होता. पण सातव्या दिवशीच्या रक्तात निगेटिव्ह आला असेल, तर आधी दुसरीकडं पाहावं लागन.”

त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात भागाबाई पुढं झाली.

“सर्दी रविवारची हाय, बाई. ताप बुधवारचा हाय.”

“माय, तू थांब जरा,” प्रितम म्हणाला.

भागाबाई थांबली नाही. तिनं नेफ्यात दोन बोटं घातली आणि नाडी सर्रकन बाहेर ओढली. एकामागून एक नऊ गाठी दवाखान्याच्या टेबलावर आल्या. प्रितमनं मान खाली घातली. इतकी मोठी डॉक्टरीण आता हसणार, असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं.

“एक गाठ म्हणजे तापाचा एक दिवस,” भागाबाई म्हणाली. “हा लाल दोरा, इथं सुरेंद्रनं रक्त काढलं.”

डॉक्टर हसल्या नाहीत. बोटानं मोजू लागल्या. “म्हणजे रक्त दुसऱ्याच दिवशी काढलं? शनिवारी नाही?”

“शनिवारी कागद आला. सुई गुरुवारी टोचली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. प्रितमकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, ही तपासणी जंतू पाहत नाही. जंतूला तोंड द्यायला अंग जे तयार करते, ते पाहते. त्याले आठवडाभर लागते. विरजण लावून घंटाभरानं झाकण काढलं त दूधच दिसन ना? दुसऱ्या दिवशीच्या रक्ताचा निगेटिव्ह म्हणजे आजार नाही असं नव्हे. अजून दिसत नाही, एवढंच.”

“अन् टायफॉइड?”

“विडालचा एवढा आकडा ताप नसलेल्या अर्ध्या गावाचाही निघन.”

मग त्यांनी पडदा ओढला आणि प्रतिभाला नखशिखांत तपासलं. कमरेला, परकराची नाडी बसते तिथं, बिडीचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. प्रतिभाला वाटलं होतं नाडीचा काच आहे. तसा काळा वण कोणत्या बाईच्या कमरेला नसतो? आणि पुरुष आरएमपीला कंबर कोण दाखवणार!

“किडा इथंच चावला,” डॉक्टर म्हणाल्या. “आता रक्त पुन्हा घेते, पण रिपोर्टची वाट पाहायची नाही. औषध आत्ताच सुरू. प्रतिभाताई, दिवस गेले असण्याचा संभव?”

प्रतिभानं मान हलवून नाही म्हटलं.

“मग डॉक्सी देते. तसं असतं त दुसरं औषध होतं, अझिथ्रो. आधी शिरेतून देऊ, मग गोळ्या. ताप दोन दिवसांत उतरला तरी सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, मधेच सोडायचं नाही. गोळी भरपूर पाण्यासोबत, अन् घेतल्यावर अर्धा घंटा आडवं व्हायचं नाही.”

शुक्रवारी संध्याकाळी प्रतिभाला घाम सुटला. शनिवारी तिनं पेज मागितली. रिपोर्ट त्यानंतर दुपारी आला. स्क्रब टायफस, पॉझिटिव्ह. प्रितम खाटेशेजारी दोन्ही कागद मांडीवर पसरून बसला. एकच बाई, एकच आजार, एकावर निगेटिव्ह, दुसऱ्यावर पॉझिटिव्ह, आणि दोन्हींवर शिक्का.

“यातला खोटा कोणता, मॅडम?” त्यानं विचारलं.

“दोन्ही खरे,” डॉक्टर म्हणाल्या. बिचाऱ्याच्या तोंडावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता.

प्रतिभाचे जुने कागद पाहायचे म्हणून डॉक्टरांनी मला टेबलावर रिकामं केलं. त्यात तळाशी एक पिवळा पडलेला रिपोर्ट निघाला. नाव दौलत. सहा वर्षांपूर्वीचा आश्विन. स्क्रब निगेटिव्ह. कोपऱ्यात सुरेंद्रच्या हाताची ओळ होती, ताप कालपासून. डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. भागाबाईला अक्षर येत नव्हतं, पण कागद तिनं ओळखला.

“हा माह्या बुढ्याचा,” ती म्हणाली. “अकराव्या दिवशी गेला. मोठ्या दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरनं पुसलं, ताप कवापासून? कोणालेच सांगता नाही आलं. प्रितम म्हणे चार दिवस, मी म्हणे आठ. तवापासून मी गाठी मारून राह्यली.” मग तिनं विचारलं, “बाई, त्यालेही हेच होतं काय?”

डॉक्टर खोटं बोलू शकल्या असत्या. त्यांनी भागाबाईचा हात धरला. “आता नाही सांगता येत, आजी. असू शकते.”

भागाबाई रडली नाही. प्रितम रडला. मी त्याला लहानपणापासून ओळखत नाही, पण त्या दिवशी तो मला लहान वाटला. रडता रडता तो आईला म्हणाला, “माय, मी तुले गाठी सोडाले लावल्या होत्या.” ती म्हणाली, “मी कुठं सोडल्या?” आणि नाक पुसायला त्याला पदराचं टोक दिलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल गोष्ट इथं संपली. मलाही तसंच वाटलं होतं. प्रतिभा घरी आली, गोळ्या पूर्ण केल्या आणि महिन्याभरानं शाळेत जाऊ लागली. पण प्रितमच्या मनात तो पॉझिटिव्ह शब्द रुतून बसला होता. त्याच्या हिशेबी प्रकरण अजून निकालात निघालं नव्हतं. जानेवारीत साखर तपासायची म्हणून त्यानं प्रतिभाचं रक्त काढवलं आणि तिला न सांगता त्यात स्क्रबही लिहिलं. रिपोर्ट आला. पुन्हा पॉझिटिव्ह.

तो कागद माझ्याकडे आलाच नाही. इतक्या वर्षांत या घरातला एक कागद पहिल्यांदाच मला चुकवून प्रितमच्या कचेरीच्या बॅगेत गेला. मला अपमान वाटला, पण त्याहून भीती वाटली, कारण लपवलेला कागद मी ओळखते. प्रितमचं जेवण तुटलं. तो प्रतिभाला पाण्याचा हंडा उचलू देईना, स्कूटी चालवू देईना, चोरून चोरून तिच्याकडे बघत राही. तिला वाटू लागलं, आपल्याला काहीतरी मोठं झालंय आणि घरचे सांगत नाहीत. तिचंही जेवण तुटलं. चांगली हिंडतीफिरती बाई एका न पाहिलेल्या कागदापायी वाळू लागली.

एका रविवारी त्यानं तिच्या हातावर एक गोळी ठेवली. “ताकदीची हाये.”

सात दिवस घेतलेली गोळी ती ओळखणार नाही? “ही त डॉक्सी हाये. कोणी सांगितली?”

प्रितमनं बॅगेतून कागद काढला. तिच्यापुढं धरला. तिनं वाचला आणि लगेच डॉक्टर रंजीतांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

“ताप आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही.”

“अंगदुखी, धाप, काही?”

“काहीच नाही. शाळेत जाते, रोज स्कूटीनं.”

“मग तुम्ही बऱ्या आहात. आजार गेला तरी रक्तात त्याची खूण महिनोन्महिने राहू शकते. त्या कागदाले औषध द्यायचं नसते. गोळी परत करा. अन् ताप आलाच, त त्याच दिवशी मला सांगा.”

फोन ठेवून प्रतिभा नवऱ्यासमोर बसली. तिला राग आला होता आणि मला वाटतं, रागापेक्षा जास्त दुःख झालं होतं.

“निगेटिव्ह आला तवा मी तापानं फणफणत होते, अन् तुमी म्हणे चिंता नाही. आता मी बरी हाव, त पॉझिटिव्ह पाहून तुमी जेवत नाही. रक्त माहं, अंग माहं. तुमी सारखं कागदाले पुसता. मले काऊन नाही पुसत?”

भागाबाई चुलीपाशी होती, ती मागं वळलीसुद्धा नाही. प्रितमनं कागदाची घडी घातली. घडी घातली, गुंडाळला नाही, ती त्याची सवय काही जायची नाही. आणि मग खाली बघत त्यानं विचारलं, “प्रतिभा, तुले कसं वाटते?”

“भूक लागली,” ती म्हणाली.

त्या दुपारी दोघंही पोटभर जेवली. कागद माझ्याकडे आला आणि मी तो इतरांच्या सोबत ठेवून घेतला.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवत चालली आहे. तुमच्याही घरी खुंटीला, कपाटात, गादीखाली माझी एखादी बहीण असेल. तिला जपा. ताप पहिल्यांदा कोणत्या दिवशी आला आणि रक्त कोणत्या दिवशी काढलं, एवढं तिच्यात लिहून ठेवा, आणि लिहिता येत नसेल तर जसं जमेल तसं ठेवा. डॉक्टरांना सगळे कागद दाखवा, काही लपवू नका, आणि मनानं औषध देऊ नका. पण एवढी विनंती करते, की माझी नाडी सोडण्याआधी खाटेवरच्या माणसाजवळ बसा आणि त्याला विचारा, तुला कसं वाटतं? तेवढं एक मात्र माझ्या पोटात कधीच नसतं.